तळ्याची पाळी

तळ्याला प्यायला कोण देतं? हा प्रश्न मंगरूने भुरशीटोल्यातल्या प्रत्येकाला विचारला. ही गोष्ट माझा दादा सांगायचा. आता दादा नाही, म्हणून मी सांगतो.

आजोबांच्या आजोबांनीही ऐकलेलीच, इतकी ती जुनी. गावच्या तळ्याची मोरी, म्हणजे पाणी सोडायची वाट, मंगरूच्या हातात होती. लाकडी खुंटा उपसला की पाणी धानाच्या बांध्यांत, बांध घातलेल्या शेतांत, जायचं, ठोकला की थांबायचं. घरोघरच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. मंगरूने त्यात एक पाळी तळ्याची घातली. त्या दिवशी पाणी कुठेच सोडायचं नाही. लोक हसले. "तळं काय जावई आहे का बा, त्याचं पान वाढायला?"

मंगरू सांगायचा की तळाच्या चिखलात जुन्या पानांची रास निजली आहे. अंगावर पाणी आहे तोवर ती निजते. पाणी सरलं की जागी होते, धूर होऊन आभाळात चढते आणि ऊन आणखी तापतं.

मग एका साली पाऊस मधेच निघून गेला. आसपासच्या गावांनी तळी पार उपसली, तळातलं सुकलं गवत जाळलं. असं म्हणतात की तिथल्या भेगांतून निघालेला धूर थांबेना, आणि आलेले ढग चटका बसल्यासारखे माघारी वळले.

भुरशीटोल्यात गुडघाभर पाणी उरलं. मंगरूने खुंटा ठोकला. तेव्हा त्याची थोरली बहीण बया आली. नवरा गेलेला, बांधी एकच, आणि तिच्यातलं धान पिवळं पडत होतं.

"एक दिवस सोड, मंगरू."

"नाही, बाई."

"मग भाऊबीजेला माझ्या दारात येऊ नको."

मंगरू मोरीवर बसून रडला, पण खुंट्यावरचा हात काढला नाही.

असं म्हणतात की भाजलेले ढग टेकायला थंड जागा शोधत होते. त्यांना हे एकच तळं दिसलं. ते इतके खाली उतरले की बांधावरच्या म्हशी दिसेनाशा झाल्या, आणि तिथंच बरसले. बयाचं धान उभं राहिलं. शेजारच्या गावांतही सरी गेल्या, धूर बसला, माणसांनी मोकळा श्वास घेतला. भाऊबीजेला बया स्वतःच त्याला न्यायला आली.

आजही भुरशीटोल्यात पाणी गुडघ्याला आलं की मोरी बंद होते. बंद करायचा मान गावच्या लेकीचा, आणि तो बयापासून सुरू झाला. ओटी बायकांनी भरायची असते, पण मंगरूला कुठला धीर. हातपाय थकले तेव्हा त्याने बयाला बांधावर बोलावलं, स्वतःच्या हाताने तिच्या पदरात तांदूळ घातले आणि तांदळावर तो खुंटा ठेवला.