रचलेले आणि रचायचे

फार फार वर्षांपूर्वी, राजाराणीच्या काळात, एका गावात उखाणे रचणारी एक मुलगी राहत होती. प्रत्येक नवरी आधी तिच्याकडे यायची. ती नवऱ्याचं नाव विचारायची, थोडं घरचं विचारायची आणि अशा दोन ओळी जुळवून द्यायची, की खाष्ट सासूलाही हसू फुटावं.

हे राणीच्या कानावर गेलं. राजकन्येचं लग्न ठरलं होतं आणि तिला धड यमक जुळवता येत नव्हतं. राणीने मुलीला बोलावलं.

"तुझे उखाणे राजकन्येला दे. रचलेले, आणि पुढे रचशील तेही. मग ते तिचे. दुसऱ्या कुणी म्हणायचे नाहीत, अगदी तूसुद्धा."

सोबत आलेल्या बापाने हळूच कोपर मारलं. "अगं, पुढचे कशाला?"

"बाबा, पुढचे अजून सुचलेत कुठे? नसलेलं द्यायला आपलं काय जातं?"

मुलीने तळहातावरून पाणी सोडलं. त्या राज्यात असं दिलेलं परत घेता येत नसे. बदल्यात एक भरजरी शालू मिळाला.

वर्षभरात तिचंही लग्न ठरलं. नवऱ्याचं नाव रंगनाथ. हळद कांडताना एक ओळ सुचली, इतकी गोड की तिने घाईने जीभ चावली. ती ओळ राजकन्येची होती. विहिरीवर दुसरी सुचली. तीही राजकन्येचीच. सुचू नये म्हणून ती डोळे मिटी, तर मिटल्या डोळ्यांपुढे आणखी चार यमकं उभी राहत.

लग्न लागलं. वरात सासरच्या दारात आली. राणीची दासी पुढेच बसली होती, कान टवकारून आणि तोंडात लाडू घेऊन.

नणंदांनी दार अडवलं. "घ्या वहिनी नाव! तुमचं काय, घरचंच दुकान!"

सासूबाई बघत होत्या. सगळं गाव बघत होतं. शेवटी कुणीतरी कीव येऊन मागून पुटपुटलं, तेच तिने म्हटलं,

"चुलीवर भात, भाताला वाफ,
रंगनाथरावांचं नाव घेते, चुकलं तर माफ."

कुणी हसलं नाही. एक नणंद दुसरीला म्हणाली, "हीच का गं ती?"

उंबरा ओलांडून ती आत गेली. पण आलेली ओळ गिळता गिळता हळूहळू ओळी यायच्याच थांबल्या. मग राजवाड्यातही नवा उखाणा कधी गेला नाही.

तात्पर्य: रचलेलं खुशाल द्यावं, पण अजून न सुचलेलं कुणाच्या नावावर करू नये.