असोला नारळ आणि आखूड स्प्रिंगा

“गाडी इतकी खाली आली पाहिजे, की तिच्याखालून असोला नारळ जाता कामा नये! आणि देवडीचा चिरा ओलांडताना तिच्या पोटाला ओरखडाही उठता कामा नये!”

धामणवाडीच्या सरकारांनी हुकूम सोडला आणि हौसा लोहारणीच्या हातातला पाना पायावर पडला. देवडीला लागून हौसाचं गाड्यादुरुस्तीचं शेड होतं. बापाची ऐरण अजून तिथेच रोवलेली होती.

“दसऱ्यापर्यंत जमलं नाही,” सरकार म्हणाले, “तर शेड हलवायचं. तिथे आम्ही कारंजं बांधू!”

“कारंजं? पाणी कुठनं आणणार सरकार? नळाला तर दिवसाआड येतंय!”

“ते आमचं आम्ही बघू! तू गाडीचं बघ!”

आग लावली होती शेजारच्या जहागीरदारांनी. त्यांनी आपल्या चिमुकल्या गाडीला आखूड स्प्रिंगा बसवल्या, गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली आणली आणि जत्रेत मिरवली. सगळी धामणवाडी आपले सरकार सोडून त्या गाडीमागे धावली. त्या रात्री सरकारांना जेवण गेलं नाही. ही साधी गोष्ट नव्हती, कारण सरकार म्हणजे जुने पैलवान. कुस्ती कधीच सुटली होती, खुराक मात्र चालूच होता.

मग शहरातून एक मिस्त्री आला. त्याने स्प्रिंगांचे तीन जोड मांडले. लाल दोन बोटं खाली आणणारा, निळा तीन बोटं आणि पिवळा चार. “चार!” सरकार गरजले. “आम्ही काय दोन बोटांचे राजे?” पिवळ्या स्प्रिंगा बसल्या. गाडी दिसायला झकास! पण देवडीत पणजोबांनी बसवलेला उंच चिरा होता आणि त्यावर देवाची पावलं कोरलेली होती. तिथे सगळे गाडीतून उतरायचे, चिऱ्याला हात लावून नमस्कार करायचे आणि ड्रायव्हर एकटा गाडी पलीकडे काढायचा. पिवळ्या स्प्रिंगांची गाडी त्या चिऱ्यावर पोट टेकून बसली ती हलेचना! आठ गड्यांनी ती उचलून काढली. मिस्त्री “चहा पिऊन येतो” म्हणून गेला, तो अजून चहाच पितोय.

आता ते तिन्ही जोड हौसापुढे पडले होते. पिवळा जोड लावावा तर चिरा अडवणार. लाल लावला तर चिरा सुटेल की नाही, कुणी सांगावं? तिने तिन्ही जोड तूर्त बाजूला ठेवले. तोवर गाडी निदान चालती राहावी म्हणून तिने जुन्याच स्प्रिंगा परत चढवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकार दोन मानकऱ्यांना घेऊन फिरायला निघाले. मानकरीही त्यांच्याच तालमीतले. हौसा चाकाशी उकिडवी बसून बघत होती. तिघे आत बसले. मग देवडीत तिघे उतरले. तिने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा सरकारांकडे, आणि पदर तोंडाला लावून खुदकन हसली!

“सरकार, दसऱ्याला मला दोनच वस्तू लागतील,” ती म्हणाली. “एक असोला नारळ, आणि महालातला मोठा आरसा.”

“आरसा? गाडीला काय कुंकू लावायचंय?”

“त्या दिवशी बघा की!”

दसरा उजाडला. देवडीसमोर ही गर्दी! चार गड्यांनी आरसा भिंतीला टेकवून उभा केला. ड्रायव्हर येसबाने रिकाम्या गाडीखाली नारळ सोडला. नारळ गडगडत आत गेला आणि पलीकडून सुखरूप बाहेर आला!

“गेला!” सरकार कडाडले. “नारळ गेला, आता शेडही गेलं!”

हौसा पुढे झाली. “सरकार, ही गाडी कुणाची?”

“आमची!”

“मग आपण आत बसल्याबिगर ती सरकारांची गाडी कशी? बसा की! मानकरी, तुम्ही पण बसा!”

तिघे बसले. गाडीने हूं केलं आणि ती खाली गेली. येसबाने पुन्हा नारळ सोडला. नारळ कडेलाच अडला! ढकलला तरी आत जाईना. सरकारांनी आरशात पाहिलं आणि त्यांचे डोळे विस्फारले. गाडी कशी रुबाबात जमिनीलगत बसली होती!

“अरे! ही आमची गाडी?”

“आपलीच. आजवर आपण ती बाहेरून बघितली, तेव्हा आपण आत नव्हता. आत बसलात, तेव्हा ती दिसली न्हाई!”

“आणि चिरा?”

“नमस्काराला उतरा की!”

सरकार उतरले, मानकरी उतरले, गाडी वर आली. येसबाने ती चिऱ्यावरून अलगद पलीकडे नेली. ओरखडा म्हणून नाही!

“शाबास! स्प्रिंग कुठली निवडलीस? लाल की निळी?”

“जुनीच, सरकार.”

सरकारांच्या मिशा थरथरल्या. “म्हणजे आमच्या वजनावर काम भागवलंस?”

“छे, सरकार! जहागीरदारांच्या गाडीत बकरं बसू दे न्हाईतर कोंबडी बसू दे, ती आपली खालीच. आपली गाडी तशी न्हाई. सरकार बसले तरच ती वाकून मुजरा करते, आणि सरकार उतरले की पुन्हा ताठ!”

सरकारांच्या पोटातून असा काही हास्याचा गडगडाट उठला, की आरसा धरलेले गडीही हलले! त्यांनी हातातलं चांदीचं कडं काढून हौसाच्या हातात घातलं. ते तिच्या दंडापर्यंत गेलं. “शेडची जागा आजपासून तुझी! कारंजं रद्द! आणि येसबा, स्वयंपाकघरात सांग, आज आमच्या पानात दोन पुरणपोळ्या जास्त वाढा. संध्याकाळच्या मिरवणुकीत गाडीचा मुजरा खालपर्यंत गेला पाहिजे!”