दीनाबाईनं नाकारलेली ओंजळ

ओंजळ पुढे करायची आणि पाणी प्यायचं. का, कशासाठी, हे विचारायचं नाही. खडकओहळच्या ख्रिस्ती वस्तीत मुलींना हा नियम प्रभूच्या प्रार्थनेच्याही आधी शिकवत. दीनालाही तो तसाच शिकवला होता.

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा वस्तीत प्रार्थनामंदिर होतं, पण विहीर नव्हती. प्रभूच्या नावानं भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा, त्या प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी सगळे मंदिराच्या ओट्यावर जमत. ज्याच्या हातून अपराध घडला असेल त्यानं तांब्या घेऊन पुढे यायचं आणि दुखावलेल्या माणसाच्या ओंजळीत पाणी ओतायचं. त्यानं ते प्यालं की क्षमा झाली. मग त्या गोष्टीचा उच्चार पुन्हा कुणी करायचा नाही, घरात नाही की दारात नाही. पंचांना हा नियम फार प्रिय होता. का नसणार? तांब्या बहुतेक वेळा त्यांच्या हातात असे आणि ओंजळी बहुतेक बायकांच्या असत.

दीना अंबाडीचे दोर वळायची. डोळे मिटून दोरावर हात फिरवला तरी पीळ कुठं सुटलाय ते तिची बोटं सांगायची, असं म्हणतात. तिचा नवरा बर्नबा विहिरी खोदायचा. वस्तीची विहीर खोदायला घेतली तीही त्यानंच.

थोरले पंच शिमोन यांनी भर उपासनेत सांगून टाकलं होतं, की ईस्टरच्या सकाळी बाप्तिस्मे या विहिरीच्या पाण्यानं होतील. सांगितलं खरं, पण खाली काळा पाषाण लागला. दिवस सरत चालले. रहाटाचा दोर झिजला तेव्हा नवा वळून होईपर्यंत थांबायला पंच तयार नव्हते. त्यांनी कुठल्याशा जुन्या मोटेचा दोर आणून लावला.

दीनानं त्यावर हात फिरवला. "पंच, मधोमध कुजलाय हा. माणूस नका सोडू याच्यावर."

"दीने, डोंगर हलवणारा विश्वास असतो म्हणतात, आणि तुझा एका दोरावर नाही?" पंच म्हणाले. आजूबाजूचे हसले. बर्नबाही हसला आणि खाली उतरला.

दुपारी वर येताना दोर तुटला.

दफनाच्या वेळी पंच म्हणाले, देवाची इच्छा. मग त्याच दोराला मधोमध गाठ मारून त्यांनी तो रहाटावर चढवला. आता सोमवारी खाली उतरणार होता योना, दीनाचा धाकटा भाऊ. ओट्यावरच्या कुणीतरी थट्टाही केली, "अरे, शास्त्रातला तो पहिला योना तीन दिवस माशाच्या पोटात राहिला होता. तुला काय दुपारभर विहिरीत राहायला होतंय!"

सोमवारच्या आधी आला शनिवार, ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारचा आदला दिवस. शिमोन तांब्या घेऊन दीनासमोर उभे राहिले.

दीनाला क्षमा करायची नव्हती असं नाही. त्या सकाळी ती विहिरीच्या काठावर गुडघे टेकून म्हणाली होती, "प्रभू, माझ्या मनातलं हे विष काढ." पण पाणी प्यालं की दोराचं नाव काढायचं नाही. आणि दोराचं नाव काढलं नाही की सोमवारी योना त्याच गाठीवर लोंबकळणार. तिनं हात पदराखालून बाहेर काढलेच नाहीत.

"हात पुढे कर, बाई," पंच म्हणाले.

"आधी सांगा, काय केलंत."

"सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग तुम्हालाच बोलायला जड का जातंय?"

मंदिराचे पाळक घाईघाईनं पुढे आले. "दीनाबाई, प्रभूनं क्रुसावर मारणाऱ्यांनाही क्षमा केली. आपण कोण त्याच्याहून मोठे?"

"केली ना, पाळकसाहेब. पण खिळे कुणी ठोकले ते शास्त्रात लिहिलेलं आहे. माझ्या बर्नबाचं कुठं लिहिलंय? दोर कुजका होता आणि मला सांगूनही मी तो लावला, एवढं पंचांनी म्हणावं. मी तांब्याभर पाणी पिते."

शिमोन यांनी रागानं तांब्या तसाच उपडा केला. पण पाणी खाली पडेना. तांब्या उपडा आणि पाणी आतच, असं म्हणतात. पंचांनी तो हलवला, आपटला. एक थेंब सांडला नाही.

दुसऱ्या दिवशी दीनाला प्रभुभोजनाला, प्रभूच्या मेजावर, येऊ दिलं नाही. सोमवारी ती रहाटापुढे आडवी जाऊन बसली. दोर कापल्याशिवाय उठणार नाही म्हणाली, आणि शेवटी योनानंच कोयता आणून तो कापला. ईस्टर कोरडा गेला. बाप्तिस्म्याचं पाणी ओढ्यावरून आणावं लागलं आणि त्याचा दोषही तिच्याच माथी मारला गेला.

मग तिनं नवा दोर वळला. एक्केचाळीस दिवस वळला, आणि योनाला काठावर बसवून स्वतः खाली उतरली. पहिला घाव घातला तसा पाषाण उकलला. पाणी एवढ्या जोरानं चढलं, की त्यानंच दीनाला उचलून काठावर आणून ठेवलं. एवढा दोर वळला, पण वर यायला तो लागलाच नाही, असं म्हणतात.

त्या विहिरीचं पाणी सगळे प्याले, शिमोनही प्याले. पण दोराचा तो एक शब्द त्यांनी मरेपर्यंत उच्चारला नाही. आणि दीना जगली तोवर, तेवीस वर्षं, प्रभुभोजनाच्या दिवशी मंदिराच्या पायरीवर बाहेर बसली. मनातून तिनं शिमोनला माफ केलं होतं की नाही, ते तिला आणि देवाला ठाऊक. वस्तीनं तिला कधी विचारलं नाही.

ती गेल्यावर मात्र तिच्या चांगुलपणाचे गोडवे गायले जाऊ लागले. दीनाबाई म्हणजे क्षमेची मूर्ती, असं कितीतरी पाळक व्यासपीठावरून सांगून गेले. बायका खाली बसून ऐकतात आणि एकमेकींकडे बघतात.

कारण बायकांनी तिच्या नावानं निराळंच काही चालू ठेवलंय. आजही प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी तांब्या पुढे येतो, तेव्हा पाणी ओतणाऱ्यानं आपण काय केलं ते आधी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं असतं. त्याला दीनाबाईचा शब्द म्हणतात. तो बोलला तर पाणी गोड मानून पितात. कितीतरी मोडलेली घरं त्या ओट्यावर जुळली आहेत.

पण दरवर्षी एखादा तरी असा निघतोच, की ज्याला नुसता तांब्या ओतून मोकळं व्हायचं असतं. पहिल्या बाकावरचे पंच मान डोलावतात. म्हणतात, "झालं गेलं होऊन गेलं. घे, पोरी, पाणी घे. वडील माणूस उभा आहे समोर."

"नाही," पोरगी म्हणते. "आधी त्यांना सांगू दे, काय केलं ते."

आणि पंचांच्या माना तांब्या धरलेल्या माणसाकडे वळतात.