गृहीत धरा

एकदा एक वृद्ध प्राध्यापक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकांची पाने कापताना पकडले गेले. तेही भर दुपारी, पंख्याखालच्या मोठ्या टेबलाशी बसून, दाढीच्या पात्याने. चोर निदान आडोसा तरी शोधतो. यांनी तोही शोधला नव्हता. ज्या माणसाने पस्तीस वर्षे त्याच ग्रंथालयात पानाचा कोपरा दुमडणाऱ्यांचे कान उपटले, तोच आता एकेक प्रत पुढ्यात ओढत होता, पान कापत होता आणि कापलेले पान पिशवीत टाकत होता. ग्रंथपाल त्यांचाच जुना विद्यार्थी. सरांचा हात धरायची त्याची काही छाती होईना. त्याने फोन लावला तो सरांच्या सर्वांत लाडक्या शिष्याला, कारण कापल्या जात होत्या त्या सगळ्या प्रती त्या शिष्यानेच लिहिलेल्या पुस्तकाच्या होत्या.

हा शिष्य आता स्वतः प्राध्यापक होता, विभागप्रमुख होता. विषय निगम वित्त. म्हणजे कंपनीने पैसा कुठून उभा करावा, कशात घालावा आणि घातलेला परत येईल की नाही हे आधी कसे ओळखावे, याचे शास्त्र. पाच वर्षांपूर्वी त्याने या विषयावर मराठीत पाठ्यपुस्तक लिहिले होते. जाड पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरे, आत सोडवलेली दोनशे उदाहरणे. आता दुसरी आवृत्ती छापून तयार होती आणि ती चाळीस महाविद्यालयांना लावायची की नाही, हे विद्यापीठाचे अभ्यासमंडळ येत्या सोमवारी ठरवणार होते. लागली, की शिष्याच्या जन्माचे सार्थक. लोक आत्ताच पेढे मागू लागले होते. अशा ऐन वेळी गुरूच पाते घेऊन बसले आहेत हे ऐकताच चालू तास सोडून तो धावला. साठी बुद्धी नाठी म्हणतात, सरांनी तर ऐंशी ओलांडली. बाहेरच्या कुणी पाहिले नाही म्हणजे मिळवली, एवढेच त्याच्या मनात होते.

तो पोचला तेव्हा बावीसपैकी सतरा प्रती कापून झाल्या होत्या. प्रत्येक प्रतीतले एकच पान जात होते, अगदी पहिले. त्या पानावर खुद्द सरांचा अभिप्राय छापलेला होता. शिष्याला तो तोंडपाठ होता: ‘या पुस्तकातील रीतीने निर्णय घेणारा विद्यार्थी कधीही फसणार नाही, अशी माझी खात्री आहे.’ खाली सरांची वळणदार सही.

शिष्याने आधी हळूच, मग जरा चढ्या आवाजात विचारून पाहिले, की आपल्या हातून काय चुकले, आणि चुकलेच असेल तर घरी बोलावून कानउघाडणी करायची, हे असे चारचौघांत कशाला. उरलेल्या पाच प्रती संपेपर्यंत सरांनी मानही वर केली नाही. मग पाते कागदात गुंडाळले, ग्रंथपालाला बोलावून बावीस पानांच्या दंडाची पावती फाडायला लावली आणि ती नीट घडी करून खिशात ठेवली. एवढे झाल्यावर त्यांनी शिष्याला समोरची खुर्ची दाखवली.

“स्वरूपा शेटे आठवते?” त्यांनी विचारले.

शिष्याला आठवेना. दर वर्षी सव्वाशे पोरे समोर येऊन बसतात. कोणाकोणाला लक्षात ठेवणार?

मग सरांनी सांगितले. शेटे यांचे बाजारपेठेत कागदी पत्रावळी-द्रोणांचे दुकान होते, आणि घरामागे माल बनवायचे एक लहान यंत्र. वडिलांनी अंथरूण धरले तेव्हा एम.कॉम. करणारी ही मुलगी धंदा पाहू लागली. मोठे यंत्र घ्यावे की न घ्यावे असा प्रश्न पडला. अशा वेळी कुणी मामाला विचारतो, कुणी ज्योतिषाकडे जातो. या मुलीने पाठ्यपुस्तक उघडले. शिकलेल्या मुलीने दुसरे काय करायचे? पाचव्या प्रकरणातले चौदावे उदाहरण थेट तिच्यासाठीच लिहिल्यासारखे होते. ‘यंत्र वर्षातील तीनशे दिवस पूर्ण क्षमतेने चालेल असे गृहीत धरा. तयार झालेला सर्व माल विकला जाईल असे गृहीत धरा.’ तिने त्यात आपले आकडे घातले, पुढच्या दहा वर्षांची मिळकत आजच्या रुपयात आणून मांडली, आणि उत्तर आले, की यंत्र जरूर घ्यावे. दुकानाचा गाळा वडिलांच्या मालकीचा होता. तो विकून तिने यंत्र घेतले.

आता पत्रावळी केव्हा खपते, हे गावातले शेंबडे पोरही सांगेल. लग्नसराईत. एकदा आषाढ लागला, की तुळशीचे लग्न होईपर्यंत कुणाच्या दारात मांडव नाही. पौषातही तीच गत. श्रावणात दोन-चार पूजा झाल्या तर झाल्या. त्यात पावसाळ्यात कागदाला ओल येते ती वेगळीच. यंत्र वर्षाचे सहा महिने ताडपत्रीखाली झाकलेले. तिसऱ्या वर्षी ते भंगाराच्या भावाने गेले. विकलेल्या गाळ्यात आज मोबाइलचे दुकान आहे आणि शेट्यांची मुलगी तिथेच पगारावर उभी राहून मोबाइलची कव्हरे विकते.

हे ऐकून शिष्याला वाईट वाटले, नाही असे नाही. पण सोमवार त्याच्या डोक्यातून जाईना. तो म्हणाला, की सर, लग्नसराई तिला ठाऊक नव्हती का? धंद्यात वाढलेली मुलगी ती. यात पुस्तकाचा काय दोष?

“ठाऊक होती,” सर म्हणाले. “म्हणून तर तिने वर्गात तुला विचारलं, की सर, पावसाळ्यात माल उठत नाही, ते कुठं मांडायचं? तू म्हणालास, गृहीत धरा लिहिलंय ना, मग धरायचं, उगाच फाटे फोडू नका.”

शिष्याला मुलगी अजूनही आठवत नव्हती. वाक्य मात्र त्याचेच होते. ते तो दर वर्षी म्हणत असे, आणि वर्ग हसत असे.

“परीक्षेत तेच गणित आलं होतं. तिला पैकीच्या पैकी मार्क आहेत. पेपर तूच तपासलेला.”

गेल्या महिन्यात ती सरांच्या घरी आली होती, पुस्तक आणि वही घेऊन. पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांचे नाव होते म्हणून आली. भांडायला आली असती तर सरांना बरे वाटले असते. तिचे म्हणणे एवढेच होते, की सर, माझे गणित कुठे चुकले तेवढे दाखवा. सरांनी दोन दिवस वही तपासली. कुठेही, काहीही चुकलेले नव्हते. मग त्यांनी शिष्याचे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचून काढले. आयुष्यात पहिल्यांदाच.

“पहिल्यांदा?” शिष्याच्या तोंडून निघून गेले.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हो, पहिल्यांदा. अरे, पुस्तकाची पारख कशी करायची हे मी तुला कधी शिकवलंच नाही, कारण मलाही ते येत नव्हतं. सूत्रं बरोबर आहेत का, उदाहरणं भरपूर आहेत का, छपाई शुद्ध आहे का, एवढं आपण पाहतो. तुझं सगळं बिनचूक आहे. पण विद्यार्थी पुस्तकापाशी कोरा येत नाही रे. त्याला काही ठाऊक असतं. ते ठाऊक असलेलं पुस्तकानं वाढवलं की पुसून टाकलं, हे पाहायचं असतं. त्या पोरीला लग्नसराई ठाऊक होती. ती कशी विसरायची हे तुझ्या पुस्तकानं तिला शिकवलं आणि वर तू शाबासकी दिलीस. ‘गृहीत धरा’ हे तुझ्या पुस्तकात तीनशे बारा वेळा आलंय. मी मोजलंय. धरलेलं चुकलं तर काय करायचं, हे एकदाही नाही. मागणी गृहीत धरलीस, वीज गृहीत धरलीस, धरता धरता वाचणारालाही गृहीत धरलंस. आणि मी तुला गृहीत धरलं. माझा विद्यार्थी, तो वाईट कसं लिहील? केली सही. ती फसली ती त्या सहीला.”

शिष्याला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त राग येत होता. कुणाचा, हे त्याला सांगता आले नसते. निघताना त्याने सरांच्या पायाला हात लावला आणि शब्द दिला, की सोमवारी मंडळासमोर मी स्वतः सांगेन.

सोमवार उजाडला. अभ्यासमंडळाचे अकरा सदस्य जमले. प्रत्येकासमोर नव्या आवृत्तीची एकेक प्रत मांडलेली होती, प्रकाशकाच्या प्लास्टिकात गुंडाळलेली. एकाही प्रतीचे प्लास्टिक फाटलेले नव्हते. विषय पुकारला गेला तसा शिष्य उभा राहिला. या पुस्तकात मोठी उणीव आहे, ते लावण्याच्या योग्यतेचे नाही, असे त्याने सांगितले. होय, सांगितले. त्याच्या पदरात हे पुण्य टाकलेच पाहिजे.

मग अध्यक्ष मनापासून हसले. विद्वान माणसाचे हेच लक्षण, ते म्हणाले, फळांनी लगडलेली फांदी वाकायचीच. नाहीतर आजकालचे लेखक पाहा. सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. ठराव एकमताने मंजूर झाला आणि चहा आला. शिष्याने चहा घेतला.

संध्याकाळी तो सरांकडे गेला. सर ओटीवर बसले होते. त्याने सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाला, की सर, मी माझा शब्द पाळला, त्यांनीच ऐकले नाही. त्याला वाटले, सर पाठीवरून हात फिरवतील.

“दुसऱ्यांदा सांगितलंस?” सरांनी विचारले.

“नाही.”

“बरं. मंडळासमोर जसा उभा राहिलास, तसा इथं उभा राहा. जे बोललास ते पुन्हा बोल.”

शिष्याला हे विचित्र वाटले, पण सरांचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. तो उभा राहिला. या पुस्तकात मोठी उणीव आहे, असे म्हणायला त्याने तोंड उघडले, आणि त्याचे हात आपोआप जोडले गेले. मान किंचित कलली. ओठांवर हसू आले, सत्काराला उत्तर देताना येते तसे.

सर त्याच्याकडे पाहत राहिले.

“अगदी विनय वाटतो,” ते म्हणाले.

शिष्याने हात खाली सोडले. खरे तर बोलायचे, पण कुणाला खरे वाटू नये अशा बेताने, ही सोय आपणच करून ठेवली होती, हे त्याला तेव्हा कळले. तो ओटीच्या कडेला बसला.

जूनमध्ये पुस्तक चाळीस महाविद्यालयांत लागले. तुमच्या मुलीच्या टेबलावर असले, तर तिला किती मार्क पडले हे विचारण्याआधी एकदा उघडून पाहा.