जिराफिणीचं बाळंतपण

एकदा एका प्राणिसंग्रहालयात जिराफिणीला पहाटे पिल्लू झालं. तिथल्या वृद्ध रखवालदाराच्या हाताखाली एक तरुण शिष्या काम शिकत होती. तिचं स्वतःचं मूल अजून रांगतं होतं. त्यामुळे ते ओलं, थरथरतं पिल्लू लांबलचक पायांवर उभं राहू लागलं, तसा तिचा जीव खालीवर होऊ लागला.

वृद्ध कचेरीत वर्दी द्यायला गेले आणि तिला राहवेना. चाऱ्याच्या मिषाने जिराफिणीला शेजारच्या कप्प्यात घेऊन तिने मधलं फाटक लावलं. रक्ताळलेलं गवत झाडून मागच्या खड्ड्यात टाकलं, जमीन धुतली, कोरडं गवत पसरलं. पिल्लाला कोमट फडक्याने पुसलं. आणि घरी करतात तशी, निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं टाकून धुरी दिली. मग समाधानाने फाटक उघडलं.

जिराफिणीने मान खाली आणून पिल्लाला हुंगलं आणि फुरफुरत मागे सरली. पिल्लू आचळाकडे जाई, ती पायाने दूर लोटी. दुपार झाली तरी तेच. डॉक्टर सांगून गेले की दिवस मावळेपर्यंत चीक पोटात गेला नाही तर पिल्लू वेगळं काढून बाटलीवर वाढवावं लागेल; मग आई त्याला पुन्हा जवळ करील याचा भरवसा नाही.

शिष्येचा पाय एका जागी ठरेना. तांब्या उचलावा, न पिताच ठेवावा. दृष्ट लागली असेल, मीठमोहऱ्या ओवाळू का, असं तिने वृद्धांना विचारलं.

"ओवाळ की," ते म्हणाले, "आधी शिडी आण."

तिला हसू आलं नाही. वृद्धांनी मात्र हवेचा वास घेतला, जुनं गवत कुठे टाकलं ते विचारलं आणि पाटी घेऊन निघाले. जिराफिणीला पुन्हा पलीकडे घेऊन त्यांनी तेच आंबूस गवत त्या स्वच्छ जागेत पसरलं. मूठभर तर पिल्लाच्या पाठीवर चोळलं.

"बाबा, अहो घाण ती. पिल्लू आजारी पडेल," ती कळवळून म्हणाली. त्यांनी धुरीचा वास जावा म्हणून खिडक्या सताड उघडल्या, फाटक उघडलं आणि तिला हाताला धरून बाजूला बसवलं.

जिराफीण आली. बराच वेळ हुंगत राहिली. मग लांब, काळपट जीभ बाहेर काढून पिल्लाची पाठ चाटू लागली. पिल्लू वेडं, आधी पुढच्याच पायांत दूध शोधत राहिलं. अखेर सापडलं. चुटुचुटु आवाज येऊ लागला.

तेव्हा वृद्ध म्हणाले, "पोरी, तू केलंस ते मायेनेच केलंस. तुझ्या लेकराला ते मानवलंही असतं. पण तू आपलं मूल डोळ्यांनी ओळखतेस, ही नाकाने ओळखते. तू जी घाण म्हणून झाडलीस, तीच हिची खूण होती. बाळंतपण हिचं होतं. तू तुझं करून बसलीस. दुसऱ्याची काळजी घ्यायची तर त्याच्या रीतीने घ्यावी, आपल्या नव्हे."

पिल्लाच्या गुडघ्याला ओल्या गवताची एक काडी चिकटली होती. ती काढून टाकायला शिष्येचे हात शिवशिवत होते. पण ती जागची हलली नाही.