आंतरपाटाआडचा आवाज

आंबेघर गावात दत्तूआबा नावाचे एक कानसेन राहत. तंबोऱ्याची तार केसभर उतरली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. देवीच्या उत्सवात त्यांची जागा पहिल्या रांगेत. "आवाज लागला," असं आबांनी म्हटल्याशिवाय बुवा कीर्तनाला उभे राहत नसत.

उत्सवाला लाउडस्पीकर असे कासमभाईंचा. त्यांचा अँप्लिफायर जुना, गंजलेला. यंदा शहरातला एक दुकानदार नवा, चकचकीत घेऊन आला. आबांनी दोन्ही पाहिले, ऐकले आणि म्हणाले, "कासमचा घोगरा वाटतो." आबांचा शब्द म्हणजे शेवटचा. कासमभाईंचं पिढीजात काम सुटणार, हे सगळ्यांना कळून चुकलं.

कासमभाई म्हणाले, "आबा, एवढंच करा. मधे आंतरपाट धरू, मग ऐका. चेहरा बघून कौल नको."

आबा हसले. "धर की. मला काय लपणार आहे?"

माईक तोच, कर्णा तोच. दोन्हींचा आवाज सारखा लावला, म्हणजे मोठा तो गोड वाटायला नको. बुवा एकच ओळ पुन्हा पुन्हा गाऊ लागले. पडद्यामागे सरपंचबाई मनाला येईल तो अँप्लिफायर जोडत. आबा डोळे मिटून ठामपणे सांगत, "हा नवा. हा कासमचा."

आंतरपाट खाली आला. सरपंचबाई अडखळत म्हणाल्या, "आबा, काही अंदाज बरोबर आले, काही चुकले. शेवटी तर मी बदललाच नव्हता, तरी तुम्हाला वेगळा वाटला."

देवळात कुजबुज झाली. कोणी म्हणालं, वारा फिरला. कोणी म्हणालं, बुवांचा घसा बसलाय. आबांचा उतरलेला चेहरा कासमभाईंना बघवेना. "आबांचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "माझीच वायर सैल होती."

आबांनी नुसतं "हं" म्हटलं असतं, तरी जन्मभर कमावलेलं नाव वाचलं असतं. क्षणभर त्यांच्या ओठांवर ते आलंही. मग त्यांनी माईक हातात घेतला, आणि कर्ण्यातून साऱ्या गावाला ऐकू गेलं, "वायर घट्ट आहे. मला फरक कळला नाही. मी गंज पाहिला आणि घोगरा म्हणालो."

कासमभाईंचं काम राहिलं. आबा मात्र शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

कीर्तनाची वेळ झाली. टाळ थांबले, तरी बुवा सुरू करेनात. त्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. "आबा, आवाज लागला का?"

"आता मला कशाला विचारता, बुवा?"

"आता तर तुम्हालाच विचारणार. कळलं नाही तर तसं सांगणारा दुसरा कोण आहे गावात?"

लोकांनी सरकून वाट करून दिली. आबा पुढे आले, आपल्या जागेवर बसले, आणि डोळे मिटून म्हणाले, "लागला."

तात्पर्य: तयार कानही कधी फसतो, पण मिळालेली सबब नाकारून जो चारचौघांत "मला कळलं नाही" म्हणतो, त्याचाच शब्द पुढे भरवशाचा ठरतो.