केरबाचे एकसारखे तक्ते

एका तालुक्याच्या गावात एक भोळा टायपिस्ट होता. भोळा तो जन्मापासून होता, टायपिस्ट मागाहून झाला. नाव केरबा. टायपिंगला बसला की कढईत लाह्या फुटाव्यात तशी बोटं चालायची. डोकं मात्र थंड. जे सांगाल ते करायचा. जेवढं सांगाल तेवढंच करायचा. आणि जसं सांगाल अगदी तसंच करायचा. अशा माणसाशी देवसुद्धा जपून बोलतो.

केरबा कामाला होता आवटीअक्कांच्या वधू-वर सूचक मंडळात. अक्का दर वर्षी मेळावा घ्यायच्या आणि मेळाव्यासाठी पुस्तिका छापायच्या. प्रत्येक मुलामुलीचा एक तक्ता. नाव, उंची, शिक्षण, अपेक्षा. गेल्या वर्षी हे तक्ते तिघांनी मिळून केले होते. एक तक्ता जाड, एक बारीक. एकाला नक्षीची चौकट, तर एकाला चौकटच नाही. मेळाव्यात अशी भांडणं झाली की विचारू नका. "त्यांच्या पोरीला नक्षीदार चौकट, आणि आमची पोरगी उघड्यावर?" असं म्हणून एका बापानं पुस्तिका अक्कांच्या टेबलावर आपटली. यंदा पुन्हा तसं झालं असतं, तर मंडळाला कुलूपच लागलं असतं.

म्हणून यंदा अक्कांनी स्वतः कॉम्प्युटरवर बसून एक नमुन्याचा तक्ता केला. त्यात कु. सुरेखा ढवळे हिची माहिती भरली आणि केरबाला हाक मारली.

"केरबा, ही आपली टेम्प्लेट. म्हणजे साचा. सगळे तक्ते ह्याच्यासारखे पाहिजेत. केसाचा फरक नको."

"केसाचा नाही होणार, अक्का."

दुपारी अक्कांनी फाइल उघडली. पहिल्या पानावर सुरेखा ढवळे. दुसऱ्या पानावर सुरेखा ढवळे. पार शेवटच्या पानापर्यंत सुरेखा ढवळे. मुलांच्या विभागातही सुरेखा ढवळेच, आणि तिथंही तिला नोकरीवाला मुलगा हवा.

"अरे, बाकीची माणसं कुठं गेली?"

"त्यांच्यामुळे फरक पडत होता, अक्का."

अक्का घोटभर पाणी प्यायल्या. "साचा सारखा ठेवायचा, केरबा. माणूस ज्याचा त्याचा. आता सारखं काय ठेवायचं ते नीट ऐक. अक्षर सारखं. रकान्याची रुंदी सारखी. उंची सारखी. कळलं?"

"कळलं. उंची सारखी."

केरबा पुन्हा बसला. ह्या वेळी नावं ज्याची त्याची होती. अक्कांना बरं वाटलं. मग त्यांची नजर उंचीवर गेली. हलगेकरांचा मुलगा दारातून वाकून आत यायचा, तो पाच फूट चार इंच. नाझऱ्यांची शकू खुर्चीवर बसली की तिचे पाय तरंगायचे, तीही पाच फूट चार इंच. मंडळात एकही माणूस त्याहून उंच नव्हता की बुटका नव्हता.

"हे काय केलंस?"

"सारखी करताना कुणाची कमी करावी लागली, कुणाची वाढवावी लागली. पण अन्याय कुणावर नाही. एकाची काढलेली दुसऱ्याला दिलीय."

"ओळीची उंची रे, ओळीची!" अक्का ओरडल्या. "माणसाच्या अंगाला हात लावायचा नाही. लोक जे सांगतील ते जसंच्या तसं उतरवायचं. एक शब्द इकडचा तिकडं नको."

केरबानं मान डोलावली. चूक कळली की तो मनापासून सुधारायचा. तेवढ्यात राधाबाई जंगमांचा फोन आला. मुलीच्या अपेक्षा सांगायच्या राहिल्या होत्या. केरबानं फोन कानाशी धरला आणि एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. अक्कांनी संध्याकाळी तक्ता वाचला.

अपेक्षा: मुलगा निर्व्यसनी असावा. अगं ए, म्हैस सुटली बघ. धर, धर. अशी समोरून नको जाऊ. घरची शेती असल्यास उत्तम. लई मारकी आहे ही. तरी समजून घेणारं सासर पाहिजे.

"केरबा, मारकी कोण?"

"मी नाही विचारलं, अक्का. मग माझा शब्द मधे गेला असता."

त्यात म्हशीपायी जंगमांचा तक्ता एवढा लांबला होता की पान ओलांडून पुढच्या पानावर उतरला होता. अक्कांना गेल्या वर्षीचा तो बाप डोळ्यांपुढं दिसायला लागला. "सगळे तक्ते एका मापाचे पाहिजेत, बाबा. रकान्यात मावेल तेवढंच घ्यायचं. पुढचं कापायचं."

केरबानं कापलं. आता सगळे तक्ते एका मापाचे झाले, बघूनच डोळे निवावेत असे. अक्का चष्मा लावून वाचायला लागल्या.

"ह्या मुलीला दारू पिणारा मुलगा पाहिजे?"

"'नसावा' बाहेर राहिला, अक्का. मावत नव्हता."

"आणि ह्यांच्या घरात रोज भांडणतंटा?"

"तिथं 'नाही' राहिला."

अक्कांनी चष्मा काढला. रागावायचंही त्राण उरलं नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि केरबाच्या शेजारी बसल्या. "हे बघ, कापायचं नाही. तक्त्यातला एक चौकोन म्हणजे एक घर समज. एका घरात मावत नसलं, तर शेजारचं घर रिकामं आहे का ते बघायचं. रिकामं असलं, की मधली रेघ पुसायची आणि दोन घरं एक करायची. बघ, अशी."

त्यांनी रेघ पुसली. आत जागा झाली, आणि 'नसावा' गुपचूप येऊन आपल्या जागी बसला. केरबा बघतच राहिला. इतकी सोपी गोष्ट! एवढा वेळ आपण माणसं कापत होतो, आणि नुसती रेघ पुसायचा अवकाश होता!

त्यानं सगळे तक्ते पुन्हा केले. जिथं मावत नव्हतं तिथं रेघ पुसली. एका तक्त्यात पुसली ती जागा सगळ्या तक्त्यांत सारखी ठेवली. अक्कांनी जंगमांची म्हैस स्वतः बाहेर काढली आणि पान न् पान तपासलं. एक चूक सापडली नाही. पुस्तिका छापून आली ती अशी देखणी, की अक्कांनी केरबासाठी जिलेबी मागवली.

"शिकलास रे, केरबा."

केरबाला त्या दिवशी अंगातला सदरा तोकडा वाटायला लागला.

मेळाव्याचा दिवस उजाडला. मंगल कार्यालयात अक्कांनी फरशीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून घेतल्या होत्या. दोन रेघांच्या मधे एकेका कुटुंबाच्या खुर्च्या, खुर्चीवर नावाची चिठ्ठी. अक्का केरबाला म्हणाल्या, "आपल्या तक्त्यासारखंच आहे बघ सगळं. ज्याला त्याला त्याच्या घरात बसव." आणि त्या पाहुण्यांचं बघायला व्यासपीठावर गेल्या.

तक्त्यासारखंच म्हटल्यावर केरबाची काळजी मिटली. तक्ते आता त्याच्या हातचा मळ होते.

एवढ्यात मगदुमांचा टेम्पो आला. त्यातून आई-वडील उतरले, मुलगी उतरली, दोन चुलते, तीन आत्या, मावशीचं सगळं बिऱ्हाड आणि शेवटी टेम्पोचा ड्रायव्हर. खुर्च्या भरल्या. बाकीची माणसं उभीच. केरबानं ओळखलं, मजकूर मावत नाही. त्यानं शेजारी बघितलं. शेजारचं घर चौगुल्यांचं. ते सगळे बाहेर चहाला गेलेले. घर रिकामं!

केरबानं ओलं फडकं आणलं, खाली बसला आणि मधली रेघ पुसून टाकली.

"काय करताय हो?" मगदुमांनी विचारलं.

"काही नाही. तुमचं आणि चौगुल्यांचं घर एक केलं."

मगदूम उभे राहिले. "एक केलं? अहो, अजून बघाबघी नाही, काही नाही!"

"ते अक्कांनीच सांगून ठेवलंय. रेघ पुसायची आणि एक करायचं."

अक्कांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मगदूमकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. किती वर्षं चपला झिजवल्या होत्या त्या माउलीनं! थोरली आत्या पेढे आणायला पळाली. तेवढ्यात चौगुले चहा पिऊन आले, तर मगदुमांनी त्यांना कडकडून मिठी मारली. "व्याही!"

चौगुले गोंधळले. त्यांनी केरबाला बाजूला घेतलं. "खरं का हो हे?"

"खरं. आता मधे काही राहिलं नाही."

मगदुमांचं घर चांगलं, हे चौगुल्यांच्या कानावर होतंच. त्यांनीही मगदुमांना उलट मिठी मारली. दोन्हीकडच्या बायका एकमेकींना कुंकू लावायला लागल्या. कुणीतरी माइकवरून अभिनंदन केलं. अख्ख्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरनं बाहेर जाऊन टेम्पोचा हॉर्न वाजवला. मेळावा सुरू होण्याआधीच सोयरीक जमली म्हणून अक्का, कुणाची ते न विचारताच, व्यासपीठावरून हसत खाली आल्या, आणि त्यांच्याही तोंडात पेढा गेला.

चौगुल्यांची म्हातारी म्हणाली, "ते सगळं झालं. पण मुलगा कुठाय? मला दृष्ट काढायचीय त्याची."

"हो की," मगदूम चौगुल्यांना म्हणाले. "बोलवा की तुमच्या चिरंजीवांना."

"आमच्या?" चौगुले म्हणाले. "आम्ही तर मुलगी घेऊन आलोय."

"मुलगी?" मगदूम म्हणाले. "अहो, मुलगी तर आम्ही आणलीय!"

पेढे तोंडातल्या तोंडात थांबले. दोन्ही मुलींनी एकमेकींकडं बघितलं आणि ओढणीत तोंड खुपसून हसायला लागल्या. अक्का सावकाश वळल्या. पेढा गिळायलाही त्यांना वेळ लागला.

"केरबा!"

"अक्का," केरबा अगदी शांतपणे म्हणाला, "शेजारचं घर रिकामं आहे का बघ म्हणालात, ते मी बघितलं. त्या घरात कोण राहतंय ते बघ, असं कुठं म्हणाला होतात?"